ठोकळे, मुले आणि मराठी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालक-मेळाव्यात बालवर्गाच्या शिक्षिकांच्या वतीने झालेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या ह्या तीन दिवसांत नाटक आहे, नाट्यगीतांची मैफल आहे, महिला विभागाने मांडलेले फराळाचे दालन आहे. ह्या सगळ्यांत आमच्या वाट्याला अर्धा तास आला आहे आणि त्या अर्ध्या तासात आम्ही आपणांपुढे प्लास्टिकच्या ठोकळ्यांविषयी बोलणार आहोत. कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय वाचून काही मंडळींना हसू आले, हे आम्हांस ठाऊक आहे. गेली सहा वर्षे आम्ही दोघी दर रविवारी सकाळी ह्याच सभागृहात मराठीचा बालवर्ग चालवीत आहोत. मंडळाच्या वार्षिक हिशेबात बालवर्गाच्या खर्चात 'ठोकळे' म्हणून एक रक्कम दिसते, आणि दर वर्षी सर्वसाधारण सभेत कोणीतरी उठून तिच्याविषयी विचारतो. त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर आज द्यावे, असे आम्ही ठरविले आहे.

आधी आमची अडचण सांगतो. दामोदरच्या खोऱ्यातील ह्या पोलादनगरीत आपल्यापैकी पुष्कळांचे वडील कारखान्याची उभारणी चालू असताना पुण्याहून, नागपूरहून, सांगली-मिरजेहून आले. त्यांची मुले येथे वाढली आणि आता नातवंडे आमच्या वर्गात येतात. ह्या नातवंडांची शाळा हिंदी-इंग्रजीत, शेजार बंगाली, मैदान हिंदी. मराठी त्यांना कळत नाही असे मुळीच नाही. 'पाणी आण' म्हटले की ती पाणी आणतात; पण 'कोणत्या भांड्यात आणू?' हे मात्र हिंदीत विचारतात. आम्ही त्यांना मुळाक्षरे गिरवायला दिली, श्लोक पाठ करून घेतले, गोष्टी सांगितल्या. गणेशोत्सवात हीच मुले रंगमंचावर शुद्ध मराठीत भाषणे म्हणून दाखवीत, आपण टाळ्या वाजवीत असू. आणि रंगमंचावरून खाली उतरताच ती मोदकासाठी हिंदीत भांडू लागत. दोन वर्षे हे पाहिल्यावर आमच्या ध्यानात आले की, आमच्या वर्गात मराठीत बोलल्यावाचून कोणाचे काही अडत नाही. आम्ही शिकवीत होतो, मुले ऐकत होती. एकमेकांशी मराठीत बोलण्याचे त्यांना कारणच नव्हते.

अशा वेळी बदली होऊन गेलेल्या एका कुटुंबाने सामान आवरताना एक बादलीभर ठोकळे वर्गाला दिले. एकमेकांत बसणारे, रंगीबेरंगी, बाजारात सर्वत्र मिळतात तसे. आम्ही उत्साहाने दोन गट केले आणि सांगितले की, दहा मिनिटांत जो गट उंच मनोरा करील तो जिंकला. त्या दहा मिनिटांचे आम्हांस अजून वाईट वाटते. प्रत्येक गटातील थोरल्या मुलाने सगळे ठोकळे स्वतःकडे ओढले. लहान मुले नुसती हमाल झाली. दुसरीतील एक मुलगी उठून खिडकीपाशी जाऊन बसली. मग एक मनोरा कोसळला, कोणी कोणाला धक्का दिला ह्यावरून रडारड झाली. त्या दहा मिनिटांत आमच्या कानांवर तीनच वाक्ये आली: 'दे', 'छोड़' आणि 'मेरा है'. आम्ही बादली कपाटात ठेवून दिली. ती दोन महिने बंद होती. दोष ठोकळ्यांचा नव्हता. आम्ही मुलांना एकत्र बसविले होते, पण एकत्र करण्यासारखे काम दिले नव्हते.

कपाट बंद होते त्या काळात आम्ही थोडे वाचन केले, आणि हा विचार आपल्या आधी किती जणांनी किती खोलवर केला आहे ते पाहून संकोचलो. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल ह्यांनी १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. त्यांनी मुलांसाठी योजलेल्या साधनांना ते 'देणग्या' म्हणत. तिसऱ्या देणगीत आठ लहान घनांचा मिळून झालेला एक लाकडी घन होता, चौथीत विटेच्या आकाराचे आठ ठोकळे होते. त्यांचा एक आग्रह आम्हांस फार मोलाचा वाटला. रचनेत सगळे ठोकळे लागले पाहिजेत, एकही बाजूला पडता कामा नये. आणि झालेली रचना उधळून न देता तिच्यातूनच पुढची रचना घडवावी. आमच्या मनोऱ्याच्या शर्यतीत नेमके ह्याच्या उलट झाले होते.

मादाम माँटेसरी १९३९ मध्ये मद्रासजवळ अड्यारला आल्या आणि महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला, हे आपणांस ठाऊक असेल. त्यांचा गुलाबी मनोरा म्हणजे एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत बाजू वाढत जाणारे दहा घन. त्यांत चूक झाली की ती मुलाच्याच डोळ्यांना दिसते, बाईंनी सांगावी लागत नाही. आणि आपल्या ताराबाई मोडक! मुंबईत जन्मलेल्या ह्या बाई भावनगरला गिजुभाई बधेका ह्यांच्यापाशी जाऊन बालशिक्षणाचे काम शिकल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ ह्यांनी आदिवासी मुलांसाठी काम केले. विकतची साधने तेथे परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने हीच त्यांची साधने झाली. परप्रांतात राहून काम करणाऱ्या आपल्यासारख्यांनी ताराबाईंची भावनगरची वर्षे अवश्य आठवावीत.

एकमेकांत घट्ट बसणाऱ्या ठोकळ्याची हकीगत डेन्मार्कमधील आहे. बिलुंड गावचा सुतार ओले किर्क क्रिस्तियान्सन ह्याने १९३२ मध्ये लाकडी खेळणी करावयास घेतली. १९३४ मध्ये त्याने आपल्या मालाला 'लेगो' हे नाव दिले. डॅनिश भाषेत 'चांगले खेळ' अशा अर्थाच्या दोन शब्दांवरून ते घेतले आहे. आज जो ठोकळा आपण पाहतो, त्याच्या रचनेच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज झाला. वर गोल उंचवटे, आत पोकळ नळ्या. खालच्या ठोकळ्याचे उंचवटे वरच्याच्या नळ्या आणि भिंती ह्यांच्यामध्ये चेपून बसतात, म्हणून रचना हलत नाही आणि तरीही लहान मुलाच्या बोटांनी सुटते. १९५८ सालचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. मापाचा हा काटेकोरपणा काय असतो, हे कारखान्यात आयुष्य घालविलेल्या आमच्या श्रोत्यांना आम्ही सांगावयास नको.

ठोकळा परक्या देशाचा असला तरी खेळ आपल्याला परका नाही. आपल्यापैकी ज्यांचे बालपण महाराष्ट्रात गेले त्यांनी दिवाळीत अंगणात किल्ला केला आहे. कोणी माती आणायची, कोणी दगड, कोणी बुरूज थापायचे, कोणी अळीव पेरून पाणी शिंपडायचे. किल्ल्यावर मावळे मांडण्याचा मान कोणाचा ह्यावरून भांडणे व्हायची आणि मिटायचीही. एकट्याने केलेला किल्ला कोणाला आठवतो का? क्वार्टरच्या दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आमच्या मुलांना ती माती नाही, ते अंगण नाही.

आता वर्गात आम्ही काय करतो ते सांगतो.

आमचा पहिला खेळ गणिताचा आहे. आठ उंचवट्यांचे दोन ठोकळे घ्या. एकावर दुसरा किती तऱ्हांनी बसेल? खालचा ठोकळा स्थिर धरला, तर वरचा त्याला समांतर ठेवण्याच्या २१ जागा आहेत आणि आडवा ठेवण्याच्या २५, एकूण ४६. पण रचना अर्धी फिरवून पाहिली की त्यांतल्या बहुतेक दोन-दोन करून एकच निघतात आणि खऱ्या वेगळ्या अशा २४ उरतात. आम्ही हे मुलांना सांगितले नाही. तीन गट केले आणि जितक्या सापडतील तितक्या मांडा म्हटले. एका गटाला १५ सापडल्या, दुसऱ्याला १७, तिसऱ्याला १२. मग सगळ्या सतरंजीवर एकत्र मांडल्या आणि दुबार आलेल्या काढून टाकायला सांगितले. तेव्हा वर्गात जो गलका झाला, त्यात आम्हांस हवे असलेले वाक्य प्रथम ऐकू आले: 'अगं, हे तेच आहे, फिरवून बघ!' त्या दिवशी २२ झाल्या. उरलेल्या दोन पुढच्या रविवारी दोन वेगवेगळ्या गटांनी आणल्या. कोणत्याही एका गटाला सगळ्या सापडल्या नव्हत्या, हे मुलांनीच आम्हांस दाखवून दिले.

तीन ठोकळ्यांच्या अशा रचना १,५६० होतात. एकाच रंगाच्या सहा ठोकळ्यांसाठी पूर्वी खुद्द कंपनीकडून १०,२९,८१,५०० हा आकडा सांगितला जाई. पण त्यात सहाही ठोकळे एकावर एक चढविलेले मनोरेच तेवढे मोजले होते. कोपनहेगनचे गणितज्ञ सोरेन आयलर्स ह्यांनी पसरट रचनाही धरून संगणकावर मोजदाद केली, तेव्हा संख्या ९१,५१,०३,७६५ निघाली. उंचीवरच डोळा ठेवला की किती गोष्टी नजरेतून सुटतात, हे आम्ही आमच्या शर्यतीत आधीच अनुभवले होते.

दुसरा खेळ तिघांचा. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॅनियल लेगॉफ ह्यांनी स्वमग्न मुलांना एकमेकांशी व्यवहार करता यावा म्हणून ठोकळ्यांचा उपयोग केला आणि २००४ मध्ये त्याविषयी लिहिले. त्यांच्या पद्धतीत एक मूल आराखडा वाचून सांगते, दुसरे हवे ते ठोकळे पुरविते आणि तिसरे बांधते. आमच्या मुलांनी ह्या तिघांना आपापल्या वडिलांच्या खात्यांची नावे देऊन टाकली: ड्रॉइंग ऑफिस, स्टोअर्स आणि साइट. ड्रॉइंग ऑफिसने ठोकळ्याला हात लावायचा नाही. स्टोअर्सने नाव घेऊन मागितल्याशिवाय काही द्यायचे नाही. साइटने सांगितल्याशिवाय काही बसवायचे नाही. दर दहा मिनिटांनी खाती बदलायची. शर्यतीच्या दिवशी खिडकीपाशी जाऊन बसलेली ती मुलगी पहिल्यांदा स्टोअर्समध्ये बसली आणि तिने थोरल्या मुलांना चांगलेच वठणीवर आणले. 'लाल दे' म्हटले की ती विचारी, 'कोणता लाल? चार पुटकुळ्यांचा की आठ?' पूर्ण मागणी आल्याशिवाय तिची बादली उघडत नसे.

ही 'पुटकुळी' कोठून आली ते सांगितले पाहिजे. ठोकळ्यावरच्या उंचवट्याला मराठीत काय म्हणावे, ह्याचा वर्गात वाद झाला. कोणी बटण म्हणाले, कोणी गुंडी. सर्वांत लहान मुलाने आपल्या हातावरची डासाची गांधी दाखवून 'पुटकुळी' म्हटले आणि ते नाव बहुमताने मान्य झाले.

तिसरा खेळ पाठीला पाठ लावून. दोन मुले एकमेकांकडे पाठ करून बसतात. एकापुढे तयार रचना असते, दुसऱ्यापुढे सुटे ठोकळे. पहिल्याने बोलायचे, दुसऱ्याने ऐकून बांधायचे, शंका आली तर विचारायचे. शेवटी दोन्ही रचना शेजारी ठेवायच्या. पहिल्या दिवशी एकही जोडी जुळली नाही. सुरुवातीला आम्ही 'फक्त मराठी' असा नियम केला, तर मुले गप्पच बसली. मग तो नियम मागे घेतला आणि एवढेच केले की, शब्द अडला की त्याने हात वर करायचा. आम्ही तो मराठीत सांगायचा आणि फळ्यावर लिहायचा. आडवा, उभा, तिरपा, मधोमध, कडेला, एक घर सोडून, पलीकडच्या बाजूला. दोन महिन्यांत फळ्यावर जागा उरली नाही.

येथे एक बारीक गोष्ट सांगतो. परप्रांतात वाढलेली मराठी मुले 'ठोकळावर', 'भिंतवर', 'पिवळाच्या शेजारी' असे बोलतात, हे आपण घरोघरी ऐकता. 'ठोकळा'चे 'ठोकळ्यावर' आणि 'भिंत'चे 'भिंतीवर' व्हावे, ह्यासाठी आम्ही पूर्वी व्याकरणाचे तक्ते टांगले होते आणि त्यांचा काही उपयोग झाला नव्हता. ह्या खेळात एका तासात प्रत्येक मूल 'ठोकळ्यावर', 'ठोकळ्याखाली', 'ठोकळ्याला लागून' असे पन्नासदा ऐकते आणि म्हणते, कारण त्यावाचून त्याच्या मित्राची भिंत उभी राहत नाही. मूळ शब्दाचे हे बदललेले रूप मुलांच्या जिभेवर आपोआप बसू लागले आहे. खेळ जुळला नाही तर 'कोणाचे चुकले?' असे आम्ही विचारीत नाही. 'कोणता शब्द कमी पडला?' असे विचारतो. ह्या एका बदलाने रडारड थांबली.

आता एका आजींची गोष्ट सांगतो. त्यांची अनुमती घेतली आहे. आजोबा गेल्यावर ह्या आजी वाईहून मुलाकडे येथे आल्या. हिंदी त्यांना येत नाही. तिसरीतला नातू आणि त्या आठ महिने एकाच खोलीत झोपत होत्या, पण दोघांत जेवणखाणापलीकडे बोलणे नव्हते. एका रविवारी घरी कोणी नव्हते म्हणून आजी नातवाबरोबर वर्गात येऊन बसल्या. त्या दिवशी एक जोडी अपुरी पडत होती. आम्ही आजींना विनंती केली. 'मला बाई ह्यातले काय कळतेय?' असे म्हणत त्या बसल्या आणि नमुन्याची रचना बाजूला सारून म्हणाल्या, 'मी आपली माझे घर सांगते.'

नातवाची पाठ आजींच्या पाठीला. आजी सांगू लागल्या: आधी ओटा, मग सोपा. नातू म्हणाला, 'आजी, सोफा आत ठेवू?' सगळा वर्ग हसला. 'सोफा नव्हे रे, सोपा! ओट्यावरून आत आले की बसायची मोकळी जागा.' मग माजघर आले, देवघर आले, भिंतीतला कोनाडा आला, परस आणि तुळशीवृंदावन आले. घर एका रविवारात झाले नाही. स्टोअर्सला दोन मुले, साइटला तीन मुले लागली. तीन रविवार काम चालले. कोनाडा म्हणजे भिंतीत ठोकळा गाळून ठेवलेली जागा, हे मुलांनीच शोधून काढले. तिसऱ्या रविवारी नातवाने कोणी न सांगता मराठीत विचारले, 'आजी, तू लहान होतीस तेव्हा ह्यात कुठे झोपायचीस?' आजी म्हणाल्या, 'अरे, हे सासर. लहानपणीचे घर वेगळे.' लगेच उत्तर आले, 'मग ते कधी सांगणार?'

तो मुलगा अजूनही मैदानात हिंदीच बोलतो आणि बोलावेच. ते त्याच्या मित्रांचे मैदान आहे. पण घरी आता आजींचे ओगलेवाडीजवळचे माहेर सांगणे चालू आहे, असे त्याच्या आईने आम्हांस कळविले. वाईचे घर बाहेरच्या दालनात मांडले आहे. परसाची एक भिंत निळी आहे, कारण तांबडे ठोकळे संपले होते. ते आपण चालवून घ्यावे.

ज्या पालकांना घरी हे करून पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. महाग पेट्या विकत घेतल्याच पाहिजेत असे नाही. सुताराकडचे लाकडी तुकडे काचकागदाने घासून घेतले, रिकाम्या काड्यापेट्यांना रंगीत कागद लावला, तरी पाठीला पाठ लावून खेळता येते. एका गटात तीन किंवा चार मुले पुरेत. पाचवे मूल प्रेक्षक होते. थोडे ठोकळे द्यावेत, म्हणजे मागावे लागतात. बांधण्याआधी मिनिटभर सर्वांनी नुसता विचार करावा, आणि बांधून झाल्यावर कसे ठरविले ते प्रत्येकाने सांगावे. तीन वर्षांखालील भावंडांच्या हाती लहान तुकडे जाऊ देऊ नयेत. ती तोंडात घालतात. प्लास्टिकचे ठोकळे महिन्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात धुवावेत. आणि मोठ्यांनी मध्ये हात घालून भिंत सरळ करून देण्याचा मोह आवरावा. आम्हां दोघींना तो अजून पुरता आवरत नाही.

ठोकळ्यांनी सगळे होते असा आमचा दावा नाही. वाचन ठोकळ्यांनी येत नाही, त्यासाठी पुस्तकेच वाचावी लागतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने लहान मुलांचे शिक्षण खेळातून व्हावे असे म्हटले आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात ते साधणे किती अवघड आहे, हे आम्ही आठवडाभर आमच्या शाळांतून अनुभवतो. मंडळाचा वर्ग लहान आहे, हे आपले भाग्य समजावे.

सर्वसाधारण सभेतील प्रश्नाचे उत्तर आता दिले असे आम्ही मानतो. बादलीची किंमत हिशेबात आहे. तिच्याहून मोठी गरज हिशेबात दिसत नाही, ती आज आपणांपुढे मांडतो. पाठीला पाठ लावून बसायला आम्हांस दर रविवारी दोन वडीलधारी माणसे हवी आहेत. ज्यांना आपल्या गावचे घर आठवते, विहीर आठवते, देवळाची दीपमाळ आठवते, शाळेची कौलारू इमारत आठवते, त्यांनी सकाळी साडेनऊला यावे आणि तासभर सांगावे. मांडी घालून बसता येत नसेल तर खुर्ची आहे. मंडळाला पन्नास वर्षे झाली. ज्यांनी ते उभे केले त्यांतील बरीच मंडळी आज समोर बसली आहेत. त्यांच्या आठवणीतली घरे त्यांच्याबरोबर जाऊ नयेत, एवढीच आमची कळकळ आहे. बाहेर वहीत नावे लिहून घेत आहोत. वही त्या स्टोअर्सवाल्या मुलीकडे दिली आहे. गावाचे नाव पूर्ण सांगितल्याशिवाय ती पुढे जाऊ देणार नाही.